कौटुंबिक तगक्षमता (मापन)

संकटाचा घाव सोसून पुन्हा सावरण्याची घराची ताकद म्हणजे तगक्षमता. ती थेट दिसत नाही. म्हणून मिळकत, निवारा, शिक्षण, पाणी अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना कमीअधिक भार देऊन एकच आकडा काढतात. हा संमिश्र निर्देशांक. अन्न व कृषी संघटनेच्या ‘रिमा’ पद्धतीत त्याचे चार खांब आहेत : मूलभूत सेवा, मालमत्ता, सामाजिक सुरक्षा आणि जुळवून घेण्याची क्षमता. भारतात याला सर्वांत जवळचा म्हणजे निती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक (२०२१). त्याचे निर्देशक बारा; आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना समान भार. मात्र तो आजची वंचितता मोजतो, उद्याचा तग नव्हे.

या मापनाची खरी कसोटी भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात लागते (लोकसंख्या सुमारे ७.१ लाख, २०११). एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब, असे जनगणना मानते. इथला परप्रांतीय कामगार मात्र बारा तासांची पाळी करून भिस्सीत, म्हणजे खाणावळीत, महिन्याच्या उधारीवर जेवतो. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला पाठ टेकतो. खाणावळीत राहणाऱ्या, नातेसंबंध नसलेल्या माणसांना जनगणना ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणते. बायकामुले गावाकडच्या यादीत, उधारी इथल्या वहीत. संसार एकच, पण कोणत्याही एका प्रश्नावलीत तो पुरता मावत नाही.

त्याहून मोठी चूक बेरजेत होते. मजुरी विणलेल्या मीटरवर, भिस्सीची उधारी मजुरीवर, भिस्सीवाल्याची किराणा दुकानातली पत त्या उधारीच्या वसुलीवर. कागदावर हे तीन आधार दिसतात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच मागाला बांधलेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि तिन्ही एकदमच निसटले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली. तिच्यात बसलेल्यांना तारणारे घर भिवंडीतल्या पाहणीत कुठेच धरलेले नसते.

मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये साधी सरासरी सोडून गुणोत्तरी सरासरी घेतली, त्यामुळे एका अंगाची उणीव दुसऱ्याच्या भरभराटीत सहज झाकली जात नाही. भिवंडीसाठी तेवढे पुरणार नाही. जिल्ह्याच्या आकड्यात हे शहर ठाणे, कल्याणसोबत मिसळून जाते, म्हणून पाहणी वस्तीवार हवी. आणि तिच्यात फ्रिज, दुचाकीच्या रकान्यांशेजारी हेही विचारायला हवे : माग बंद पडला तर भिस्सीवाला किती आठवडे थांबेल, मालकाकडची उचल किती फिटायची आहे, आणि गावी परतायचे भाडे आज हाताशी आहे का.