सणांची नावे आणि पंक्तीचा प्रश्न : महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील एक प्रकरण

धर्माची तत्त्वे ग्रंथातून येतात, सण मात्र भूमीतून उगवतात. एखाद्या समाजाने नवा धर्म स्वीकारला म्हणजे त्याची प्रार्थना बदलते, व्यक्तींची नावे बदलतात. परंतु सण साजरा करण्याची रीत, त्यासाठी वापरले जाणारे शब्द आणि सणाच्या दिवशी कोणी कोणाबरोबर जेवावे याविषयीचे संकेत इतक्या सहजासहजी बदलत नाहीत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. सणांची नावे लवकर मराठी झाली. सणाची पंक्ती एक होण्यास मात्र फार विलंब लागला, आणि काही अंशी ती अद्यापही एक झालेली नाही.

आरंभी एका शब्दाचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, पेठ या परिसरात गावोगावी ग्रामदैवताची यात्रा भरते. जुन्नर तालुक्यातील आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे परंपरा सांगते त्या रेड्याची समाधी आहे. या मुलुखात ‘माउली’ हा शब्द उच्चारला की आळंदी आठवते. पूर्वेकडे, प्रवरेच्या खोऱ्यात, ज्ञानेश्वरी जेथे इ. स. १२९० मध्ये सांगितली गेली ते नेवासे आहे. त्याच खोऱ्यात, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, हरेगाव येथे सप्टेंबर महिन्यात ख्रिस्ती भाविकांची मोठी यात्रा भरते. ती येशूची माता मरिया हिच्या जन्मोत्सवाची यात्रा होय, आणि तिचे लोकप्रचलित नाव ‘मतमाउलीची यात्रा’ असे आहे. नवस बोलले जातात, फेडले जातात, पायी दिंड्या येतात. दैवत निराळे असले तरी भक्तीची भाषा वारकऱ्यांची आहे.

‘मतमाउली’ या शब्दाचे मूळ मुंबईकडे असावे असे दिसते. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेच्या मंदिरास कोळी लोक ‘मोतमाउली’ म्हणत आले आहेत. यातील ‘मोत’ हा ‘मोती’ शब्दाचा अवशेष आहे असे कोणी मानतात, तर टेकडी या अर्थाच्या ‘माउंट’ शब्दाचा तो अपभ्रंश आहे असे कोणी म्हणतात. समुद्रात तरंगणारी मूर्ती कोळ्याच्या हाती लागली अशी तेथील आख्यायिका आहे. ८ सप्टेंबर या मरियेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारी तेथे जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिकृती देवीपुढे वाहण्याची तेथील रीत सर्वपरिचित आहे. आणि ती वाहणाऱ्यांत ख्रिस्तीतर भाविकही असतात.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सणांच्या शब्दसंग्रहात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर पोर्तुगीज राजवटीचा. वसईचा प्रांत इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. या दोन शतकांत ‘नाताळ’, ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘फेस्त’, ‘इगर्जी’ हे शब्द कोकणात रुजले. पैकी ‘नाताळ’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाच्या अखेरचा लकार मराठीने ‘ळ’ असा करून घेतला आणि शब्द सर्वस्वी आपला केला. पुढे ज्या जिल्ह्यांनी पोर्तुगीज अंमल कधी पाहिला नाही तेथील प्रॉटेस्टंट कुटुंबेही ख्रिस्तजन्माच्या सणास नाताळच म्हणू लागली.

दुसरा थर भक्तिपरंपरेचा. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने ख्रिस्तकथेसाठी पुराणाचा साचा निवडला आणि चर्चमध्ये सणावारी हे पुराण वाचले जाऊ लागले. परंतु सत्तेचे धोरण याच्या उलट गेले. १६८४ च्या फर्मानाने गोव्यात देशी भाषेच्या जागी पोर्तुगीज भाषा आणण्याचा यत्न झाला. १७३६ मध्ये तेथील धर्मन्यायासनाने ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नविधींतील अनेक जुन्या चालींना बंदी घातली. बंदीची आवश्यकता भासावी, हाच त्या चाली जिवंत असल्याचा सबळ पुरावा होय. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाजात लग्नापूर्वी ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी टिकला. भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा ‘आगेरा’ हा सुगीचा सणही टिकला.

युरोपातही हीच प्रक्रिया घडली, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १ फेब्रुवारीचा संत ब्रिजिदचा दिवस जुन्या वसंतोत्सवावर येऊन बसला, आणि जुलैच्या अखेरच्या रविवारी क्रो पॅट्रिक या डोंगरावर होणारी चढण प्राचीन सुगीच्या उत्सवाशी जोडली जाते. त्या देशाने १९९५ मध्ये घटस्फोटास, २०१५ मध्ये समलिंगी विवाहास व २०१८ मध्ये गर्भपातास सार्वमताने वाट करून दिली. २०२२ च्या जनगणनेत स्वतःस कॅथलिक म्हणविणाऱ्यांचे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले. तरीही २०२३ पासून संत ब्रिजिदच्या नावाने सार्वजनिक सुटी सुरू झाली. धर्मसंस्थेचा अधिकार ओसरला तरी सण उरतो, तो असा. तेथे ख्रिस्ती समाज बहुसंख्य असल्यामुळे सामाजिक प्रश्न धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधला ठरला. महाराष्ट्रात तो निराळ्या ठिकाणी उभा राहिला : पंक्तीत.

येथे तिसऱ्या थराकडे वळले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे कार्य सुरू केले. हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले तेथील प्यूरिटन परंपरा सणांविषयी उदासीन होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणे दंडनीय होते. त्यांचा भर सणापेक्षा शास्त्रवाचनावर, म्हणून त्यांच्या परंपरेतील शब्द भाषांतराचे आहेत : ‘ओलांडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला ‘वल्हांडण’, तसेच ‘प्रभुभोजन’. यांपैकी ‘प्रभुभोजन’ हा शब्द मराठी मनास केवळ धार्मिक वाटणे शक्यच नव्हते. जेथे भोजन आहे तेथे पंक्ती आहे, आणि जेथे पंक्ती आहे तेथे जात आहे. एकाच भाकरीचा तुकडा व एकाच पेल्यातील द्राक्षरस ब्राह्मण आणि महार यांनी घ्यावयाचा, हा एकोणिसाव्या शतकातील नगरमध्ये उपासनेचा भाग असला तरी समाजाच्या दृष्टीने तो बंडाचा प्रकार होता.

हे अंतर आतून ओलांडणे किती कठीण होते याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त मिळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात सोवळेओवळे एकेक पाऊल मागे सरत गेले. इतरांच्या हातचे पाणी पिणे ही त्यांच्या लेखी धर्मशास्त्राच्या कोणत्याही वादापेक्षा मोठी कसोटी होती. टिळकांनी पुढे अभंग, भजन आणि कीर्तन ही साधने ख्रिस्ती उपासनेत प्रतिष्ठित केली. रूप देशी ठेवावे, पंक्तिभेद मात्र टाकावा, ही त्यांची दिशा होती.

तथापि ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग टिळकांसारख्या घरांतून आलेला नव्हता. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने मंडळीत आली. गावकुसाबाहेरची वस्ती बाप्तिस्म्याने गावात आली नाही. दोन्ही जातींमधील परस्पर अंतरही तत्काळ मिटले नाही. हरेगावची यात्रा १९४९ च्या सुमारास सुरू झाली, ती या समाजाच्या परिसरात. तेथे माउलीच्या दारी जो तो यात्रेकरू असतो आणि दिवसभर जात विचारली जात नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ज्याला त्याला आपल्या गावी परतावे लागते.

नेमक्या याच काळात कायद्याने एक गृहीत धरले. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती सवलत हिंदू धर्मीयांपुरती ठेवली; १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध तीत आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की धर्मांतरानंतरही त्या जातीचे हाल तितक्याच तीव्रतेने चालू आहेत हे दाखवून दिले पाहिजे. २००७ मध्ये सादर झालेल्या रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली; २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी नवा आयोग नेमण्यात आला.

इतिहासाच्या अभ्यासकास या वादात सणांचा पुरावा दुर्लक्षिता येणार नाही. उंबराचे पाणी, नवस, दिंडी, सुगीच्या लोंब्या ही सर्व रीत जर बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही, तर जात तेवढी विरघळली असे मानण्यास आधार कोणता? संस्कृतीचे सातत्य अभिमानाने सांगावयाचे आणि विषमतेचे सातत्य नाकारावयाचे, ही दुहेरी रीत तर्काला धरून नाही. उलट, चर्चमधील समतेची घोषणा करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारता येतो : पेला एक झाला, सोयरीक झाली काय?

वसईकडे सणाचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी जडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील शेतीवाडी व पाण्याच्या रक्षणासाठी हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, आणि त्याच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांनाच २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. आगेऱ्याच्या लोंब्यांसाठी शेत लागते. जेथे शेते इमारतींखाली गेली तेथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. सणाचे नाव राहते, त्याचा आधार सुटतो.

सारांश, नाताळ, माउली आणि प्रभुभोजन हे तीन शब्द महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या तीन वाटा सांगतात. पहिला परभाषेतून आला व मराठी झाला, दुसरा मराठीच होता व ख्रिस्ती झाला. भाषेचे काम या दोघांत पूर्ण झाले आहे. तिसऱ्याचा अर्थ भाषांतरकाराने शब्दात आणून ठेवला. तो व्यवहारात उतरविण्याचे काम मात्र भाषेचे नव्हे, समाजाचे आहे, आणि ते अपुरे आहे.