सतरा कार्यक्रम, दोन संगीतं

आज इंडी रॉक ऐकायचं आणि उद्या हिपहॉप, अशी लागोपाठ दोन रात्रींची तिकिटं काढणारा तरुण आता कुणाला नवलाचा वाटत नाही. पण ही दोन संगीतं एकाच श्रोत्याच्या कानात सुखानं नांदू लागली, त्याला बराच काळ जावा लागला. ती हकिकत न्यूयॉर्कची आहे आणि तिची सुरुवात १९७३ सालची.

त्या सुमाराला न्यूयॉर्कची तिजोरी रिकामी होत चालली होती. १९७५ मध्ये तर हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलं. उत्तरेकडचा ब्रॉन्क्स हा भाग सर्वांत जास्त भरडला गेला. क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेस वे या महामार्गासाठी तिथल्या नांदत्या वस्त्या आधीच उठवल्या गेल्या होत्या. याच ब्रॉन्क्समध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीनं एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट! तबकड्या वाजवायला तिचा जमैकात जन्मलेला भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यात मधेच नुसता ताल वाजतो, तेव्हा मुलं खरी रंगात येऊन नाचतात, हे त्यानं हेरलं. पण तो तुकडा काही सेकंदांचाच. मग त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू. अशा रीतीनं ताल हवा तितका लांबवता येऊ लागला. त्या तालावर पुढे शब्द चढले आणि रॅप आकाराला आलं.

त्याच वर्षी डिसेंबरात, तिथून सुमारे १५ किलोमीटर दक्षिणेला, बावरी या बकाल रस्त्यावर हिली क्रिस्टल यांनी सीबीजीबी नावाचा बार उघडला. त्यांना खरं तर ग्रामीण ढंगाचं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज संगीत ठेवायचं होतं. प्रत्यक्षात १९७४ मध्ये तिथे टेलिव्हिजन आणि रामोन्स ही पोरसवदा रॉक बँड मंडळी येऊन थडकली. क्रिस्टल यांची अट एकच होती : गाणी स्वतःची हवीत. पंक रॉक इथे वाढलं आणि मोठ्या कंपन्यांच्या कृपेवर न जगणाऱ्या इंडी रॉकनं पुढे त्याच्याकडूनच धडे घेतले.

म्हणजे शहर एक, साल एक आणि दोघांचाही खिसा रिकामा! शिवाय रॅपची पहिली गाजलेली तबकडी, १९७९ मधली ‘रॅपर्स डिलाइट’, तीही शुगर हिल या छोट्या कंपनीनंच काढली. इतकं साम्य असूनही श्रोते मात्र वेगळे राहिले. एकीकडे बहुतांश गोरे, दुसरीकडे कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे.

या दोघांची समोरासमोर गाठ पडली ती १९८१ मध्ये. क्लॅश हा लंडनचा पंक बँड टाइम्स स्क्वेअरमधल्या बॉण्ड्स या सभागृहात आठ कार्यक्रम करायला आला. आयोजकांनी क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली होती. अधिकाऱ्यांनी कार्यक्रम रोखले, तिकीटधारक रस्त्यावर उतरले. शेवटी कुणाचंही तिकीट वाया जाऊ नये म्हणून बँडनं आठाऐवजी सतरा कार्यक्रम केले. हे सौजन्य लोकांच्या लक्षात राहिलं. मात्र २८ मेच्या पहिल्या रात्री जे घडलं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

क्लॅशच्या मंडळींना रॅपची गोडी लागलेली होती. म्हणून त्यांनी आपल्या आधी गायला ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह यांना बोलावलं. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, त्यांच्यावर पेले फेकले. अन्यायाविरुद्धची गाणी ऐकायला जमलेल्या या गर्दीला त्याच शहरातल्या पोरांची गाणी पाच मिनिटंही ऐकवेनात! क्लॅशनं आपल्याच चाहत्यांची कानउघाडणी केली आणि पाहुणे बोलावणं काही सोडलं नाही. पुढच्या रात्रींत ट्रेचरस थ्री हे रॅपर आले, तसेच बॅड ब्रेन्ससारखे कृष्णवर्णीय पंक वादकही आले.

गंमत अशी, की त्याच काळात डब्ल्यूबीएलएस हे कृष्णवर्णीय श्रोत्यांचं लाडकं रेडिओ केंद्र क्लॅशच्या ‘मॅग्निफिसंट सेव्हन’चं नाचाचं रूप आवडीनं वाजवत होतं. रेडिओवर कुणाचा चेहरा दिसत नाही. तिथे ताल आवडला, की गाणं आपलं होतं. सभागृहात मात्र चेहरे दिसत होते, आणि तिथे श्रोत्याची परीक्षा झाली.

सीबीजीबी २००६ मध्ये बंद पडलं. सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीची हिपहॉपचं जन्मस्थान म्हणून २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं दखल घेतली. आज एकच श्रोता एका रात्री गिटार ऐकतो आणि दुसऱ्या रात्री रॅप, तेव्हा त्याला ते सहज वाटतं. वाटायलाच हवं. पण त्या सहजतेची किंमत एका रात्री रंगमंचावर पेल्यांचा मारा सोसणाऱ्या कलावंतांनी मोजली आहे. अनोळखी गाणं सुरू झालं, की ते संपेपर्यंत शांत बसावं. त्यांचं ऋण फेडण्याचा श्रोत्यापाशी एवढाच मार्ग आहे.