सुरम्याचा दगड आणि बिनतारी

'रेडिओ बोसांनी शोधला, नाव मार्कोनीचे झाले', हे आपल्याकडे फार आवडीने सांगतात. पण बोसांची जी गोष्ट कागदोपत्री पक्की आहे, ती एका दगडाची. ती फारशी कुणी सांगत नाही.

1874 साली फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाला दिसले, की काही सल्फाइड खनिजांना धातूची तार टेकवली तर वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याला गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज घेऊन याच सांध्यावर बिनतारी लहरी टिपल्या. (बाजारात सुरमा म्हणून अनेकदा हाच चकचकीत दगड कुटून विकतात! आणि बोसांचे उपकरण उजेडालाही दाद देई, म्हणून ते त्याला कृत्रिम डोळाच मानत.)

पेटंट घेणे बोसांच्या स्वभावात नव्हते. सारा बुल या अमेरिकन बाईंनी आग्रह धरला, 1901 मध्ये अर्ज गेला आणि 29 मार्च 1904 ला 755840 क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले, निम्मा हक्क बुलबाईंचा. बोसांनी त्यातून पैसा काढला नाही. 1906 मध्ये पिकार्डने सिलिकॉनच्या डिटेक्टरचे पेटंट घेतले आणि धंदाही केला. याला चोरी म्हणायला मी तयार नाही. दार उघडे ठेवले की कोणीतरी आत येणारच.

आमच्या महालात या दगडाचे दिवस नागपूर आकाशवाणी 1948 साली सुरू झाल्यावर आले. थोरल्या भावाकडे असा सेट होता. वाड्याच्या गच्चीवर एक लांब तार, दुसरी नळाला बांधलेली, कानाला हेडफोन. बॅटरी नाही, वीज नाही! बारीक तारेचे टोक दगडावर टोचत बसायचे. नेमकी जागा सापडली की बातम्या, जरा धक्का लागला की सगळे गप्प.

असे का होते, हे 1938 च्या सुमारास वॉल्टर शॉट्कीने मांडले. सांध्यापाशी अर्धवाहकातले इलेक्ट्रॉन धातूत निघून जातात, मागे रिकामा थर उरतो, तोच बांध. एका दिशेने दाब दिला की बांध खचतो, उलट दिला की उंचावतो.

बोसांना त्यांचे श्रेय 1955 साली पिअर्सन आणि ब्रॅटन यांनी अर्धवाहकांच्या इतिहासावरील लेखात दिले. हा ब्रॅटन ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक. तोवर बोसांना जाऊन अठरा वर्षे झाली होती.