कर्जखत, ज्वारी आणि दरोडे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावात भोवतालचे कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या व कर्जखते मागितली. हाती लागलेले कागद जाळण्यात आले, धान्याची दुकाने लुटली गेली. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले; ९५१ जणांना अटक झाली. सावकारांच्या जिवावर मात्र क्वचितच बेतले. राग होता तो कागदावर. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. सावकार मात्र दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत करू लागला. त्याखाली नांगराची निशाणी करणाऱ्याला वरचा आकडा बहुधा वाचता येत नसे.

कर्ज फुगण्याचे कारण समुद्रापलीकडचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपताच भाव कोसळले, उधारी आटली. त्यातच जमिनीच्या फेरपाहणीनंतर सारा वाढला, काही ठिकाणी दीडपटीहूनही जास्त. मुंबई शहराच्या खानेसुमारीतही ही भरती-ओहोटी दिसते: १८६४ मध्ये ८,१६,५६२ वस्ती, तर १८७२ मध्ये ६,४४,४०५.

दंगा शमून वर्षभरातच १८७६-७८ चा दुष्काळ पडला. देशावर ज्वारी जमिनीखालच्या पेवांत साठवत. ज्याचे पेव भरलेले तो भाव चढण्याची वाट पाही. ज्याच्याकडे पेवच नव्हते तो खडी फोडायला जाई. भारत सरकारने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढी खाली आणली, तेव्हा पुणे भागातल्या मजुरांनी कामच सोडले. चोऱ्या आणि दरोड्यांना अशा वेळी वेगळे निमित्त लागत नव्हते.

लष्करी हिशेब खात्यातील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी हे गाव लुटले, तेव्हा त्यांच्यासोबत प्रामुख्याने रामोशी होते. गावची राखण हे रामोशांचे पिढीजात काम. पेशवाई बुडाल्यावर गडकोटांवरची चाकरी गेली, गावातले हक्कही आटत गेले. राखणदार दरोडेखोर झाला, तो असा.

माणसे वाढली की गुन्हे वाढतात, हे ठोकळ गणित इथे जुळत नाही. १८७२ च्या मानाने १८८१ मध्ये सोलापूर आणि कलादगी या दुष्काळी जिल्ह्यांची वस्ती घटलेली आढळते. माणसे कमी झाली तरी धान्य त्यांच्या ऐपतीबाहेरच राहिले होते.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि खताच्या आकड्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. भटक्यांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. रेल्वेने लमाणांच्या बैलांवरची मीठ-धान्याची वाहतूक हिरावली, जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार बेकायदा ठरवली. या पोटापाण्याच्या कारणांऐवजी कायद्याने जन्माकडे बोट दाखवले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याखालच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, कैकाडी, पारधी कुटुंबे तारेच्या कुंपणात राहत, हजेरी देत आणि तिथूनच गिरणीत कामाला जात. देशभर हा कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये.