गाडी कोणाची? : संशयाच्या कायद्याचा एक इतिहास

चोर पकडण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत चोरी होते, तिची फिर्याद येते, माग काढला जातो आणि माग जेथे पोहोचतो तेथला माणूस धरला जातो. दुसऱ्या रीतीत माणूस आधी धरला जातो आणि त्याला शोभेल अशी चोरी मागाहून शोधली जाते. कायद्याच्या पुस्तकात फक्त पहिली रीत लिहिलेली असते आणि दुसरी ही पोलिसांची मनमानी असते, अशी आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची समजूत आहे. ती खरी नाही. दुसरी रीतही पुस्तकातच आहे, कलमांसह आहे, आणि तिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक धागा येथे उलगडून पाहायचा आहे.

हा विषय हाती घेण्याला निमित्त आहे, ते सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आटोपून मी रात्री साडेनऊच्या सुमारास घरी परतत होतो. गाडी माझी, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली, सेकंडहँड, पांढरी. नाकाबंदीवर हवालदाराने काच खाली घ्यायला लावली. बॅटरीचा झोत आधी तोंडावर टाकला, मग गाडीवर, मग पुन्हा तोंडावर. “कुणाची रे गाडी?” मी म्हटले, माझी. “तुझी?” आरसी दाखवली, विमा दाखवला, लायसन दाखवले. तिन्हींवर एकच नाव. तशीच पांढरी गाडी दोन दिवसांपूर्वी चोरीला गेली आहे, साहेब येईपर्यंत ठाण्यात बस, असे सांगण्यात आले. ठाण्यात नाव विचारले, गाव विचारले, मग जात विचारली. कैकाडी, सोलापूरची सेटलमेंट, असे म्हटल्याबरोबर लिहिणाऱ्याचा हात थांबला आणि त्याने शेजारच्याकडे पाहिले. ते पाहणे मी लहानपणापासून ओळखतो. चोरीला गेलेल्या गाडीचा चेसिस नंबर त्यांच्याजवळ होता, माझ्या गाडीचा गाडीवर होता. दोन आकडे ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे यायला रात्रीचा दीड वाजला, आणि तीही आमच्या प्राचार्यांचा फोन आल्यावर आली. फोननंतर ‘तू’चे ‘सर’ झाले आणि चहा आला. मी तो घेतला नाही.

असे अनुभव आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या गाठीशी असतील, याहून पुष्कळ वाईटही असतील. मला मारहाण झाली नाही. माझ्या नावामागे प्राध्यापक होते, फोन करायला प्राचार्य होते. मजुरीला जाणाऱ्या माझ्या चुलतभावांजवळ यातले काहीच नाही. तेव्हा या अनुभवाचे भांडवल करण्यात अर्थ नाही. प्रश्न वेगळा आहे. माझ्याच महाविद्यालयातले सहकारी त्याच रस्त्याने, त्याच वेळी, माझ्याहून जुन्या गाड्यांतून परततात. त्यांनाही थांबवले जाते, पण ते दारू प्यायले आहेत का हे पाहायला. ‘गाडी कोणाची?’ हा प्रश्न कोणाला विचारला जातो, आणि तो विचारण्याचा अधिकार कोठून आला?

कागदावर तो अधिकार स्पष्ट आहे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याच्या १२४व्या कलमानुसार एखाद्याजवळ सापडलेली वस्तू चोरीची असावी असे मानायला कारण असेल आणि तो ती आपल्याजवळ कशी आली याचा मॅजिस्ट्रेटला समाधानकारक खुलासा करू शकला नाही, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. १२२वे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडण्याबद्दल आहे. चोरीच्या असाव्यात अशा वस्तूसह सापडलेल्या माणसाला वॉरंटाशिवाय धरण्याची मुभा १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ रोजी ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ती मुभा राहिली. या कलमांत कोणत्याही जातीचे नाव नाही. नाव असण्याची गरजच नाही. ‘मानायला कारण’ कोठून येते, ‘समाधान’ कोणाचे व्हायचे, हे ठरवण्याचे काम कलमाने मोकळे सोडले आहे, आणि त्या मोकळ्या जागेत समाज आपली जुनी समजूत घेऊन येऊन बसतो.

ती समजूत अशी की, वस्तू आणि माणूस यांचा मेळ असला पाहिजे. कोणाजवळ काय असावे हे आपल्या धर्मशास्त्राने ठरवून ठेवले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, त्याचे दागिने लोखंडाचे, अशी व्यवस्था आहे. शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, असेही तेथे आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. १९२८ साली इंदूर भागातील गावांत सवर्णांनी बलाई समाजाला जे नियम घालून दिले, त्यांत जरीकाठी पागोटे नको, रंगीत काठाचे धोतर नको, बायकांच्या अंगावर सोन्याचांदीचा दागिना नको, असे होते. बाबासाहेबांनी १९३६च्या आपल्या न झालेल्या भाषणात, ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ मध्ये, या घटनेची नोंद केली आहे. बलायांनी दागिने चोरले असे कोणी म्हटले नव्हते. ते त्यांच्या अंगावर असणे हाच गुन्हा होता. इंग्रजी अमलाने या गुन्ह्याला संशयाचे नाव दिले, इतकाच फरक.

माझ्या आजाकडे गाढवे होती. त्या गाढवांची मालकी त्याला कोणी कधी विचारली नाही. मनूच्या हिशेबाने ती त्याला शोभत होती. त्याला विचारला जाई तो पास.

हा पास १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा. जातीचा धंदा जसा पिढीजात, सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हाही पिढीजात असतो, असा युक्तिवाद त्या वेळी कौन्सिलात मांडला गेला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. साहेबाने हा सिद्धांत विलायतेहून आणला नव्हता, तो त्याला येथेच तयार मिळाला. चातुर्वर्ण्याने जन्मावरून कर्म ठरवले होते. त्यावर सरकारी शिक्का तेवढा मारायचा होता. कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला आणि १९२४ साली एकत्रित करून पुन्हा काढला गेला. एकदा जमात अधिसूचित झाली की तिच्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी आणि हद्द. हद्दीबाहेर जायचे तर पास. जो चोरी करताना सापडला त्याच्यापुरते हे नव्हते. ज्याने आयुष्यात काही केले नाही त्यालाही हे होते.

सोलापूरची वसाहत तारेच्या कुंपणातली. पुरुष आणि बाया गिरणीत कामाला जात, परत येत, हजेरी देत. आजा त्याच कुंपणात जन्मला. त्याच्यावर एकही खटला नव्हता हे तो मोठ्या अभिमानाने सांगे, आणि मला लहानपणी त्या अभिमानाचे नवल वाटे. खटला नसताना माणूस पंचवीस वर्षे हजेरी का देत होता, असे मी विचारले की तो म्हणे, “कैकाडी व्हतो म्हनून.” याहून नेमकी कायद्याची व्याख्या मी पुढे एम. ए. करतानाही वाचली नाही.

आपल्या चळवळीत ज्याची चर्चा टाळली जाते अशी एक बाब या कायद्यात आहे. पासाशिवाय सापडलेल्या माणसाला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार पोलिसाबरोबर गावच्या पाटलाला आणि गावच्या रखवालदारालाही होता. हा रखवालदार कोण? महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत तो महार होता. वेसकर, तराळ म्हणून गावाची राखण करणे, चोराचा माग काढणे, परका दिसला की पाटलाला वर्दी देणे ही त्याची वतनी कामे. म्हणजे ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्यालाच त्याच्याही बाहेर पाल ठोकलेल्यावर पाळत ठेवायला लावले. यात त्या तराळाचा दोष मी धरीत नाही. वर्दी दिली नाही तर त्याची पाठ सोलली जाई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते महारांना या वेठबिगारीतून सोडवण्यासाठी, आणि ते वतन प्रत्यक्षात मोडायला १९५८चा कायदा यावा लागला. परंतु महारवाडा आणि पाल यांच्यामध्ये जी अढी आजही जाणवते, तिचे एक मूळ या रखवालीत आहे, हे आपण आपल्या व्यासपीठावर बोलले पाहिजे.

बाबासाहेबांच्या नजरेतून हे सुटले नव्हते. १९२८ साली नेमलेल्या आणि १९३० साली अहवाल दिलेल्या अस्पृश्य व आदिवासींविषयीच्या समितीचे ते सदस्य होते. तिचे अध्यक्ष स्टार्ट, म्हणजे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहिलेले अधिकारी. पुढे १९४८च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एका ओळीत बसवून, ज्या संस्कृतीने इतक्या माणसांची ही गत केली तिला संस्कृती म्हणायचे काय, असा सवाल केला. तीन वर्ग एकाच कारखान्यातून निघाले आहेत, हे त्यांनी पाहिले होते.

आता ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या घरी काय होते ते पाहू. इंग्लंडात १८२४चा भटकेगिरीविरोधी कायदा होता. नेपोलियनच्या लढाया संपल्यावर बेकार झालेले सैनिक आणि बेघर गरीब रस्त्यावर आले, त्यांना हटवण्यासाठी तो झाला. त्याच्या चौथ्या कलमाने ‘संशयित इसम’ सार्वजनिक जागी गुन्ह्याच्या इराद्याने रेंगाळला तर त्याला धरता येई. गुन्हा घडण्याची गरज नव्हती. आपल्याकडच्या १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १०९वे कलम, ज्यात उपजीविकेचे उघड साधन नसलेल्या किंवा स्वतःविषयी समाधानकारक हकीकत न सांगणाऱ्या माणसाकडून जामीन घेता येई, ते याच विचाराचे भावंड. तेथे गोऱ्या गरिबांसाठी केलेला कायदा दीडशे वर्षांनी वेस्ट इंडीजहून आलेल्या काळ्या माणसांच्या पोरांवर चालवला गेला. ‘सस’ हे त्याचे बोलीतले नाव. पोलिसांची साक्ष पुरे होई. काळ्या आयांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली. एप्रिल १९८१मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात काही दिवसांत नऊशेहून अधिक लोकांना अडवून झडत्या घेतल्या गेल्या आणि दंगल उसळली. त्याच वर्षी ‘सस’ रद्द झाला.

कलम गेले, नजर राहिली. ५ ऑक्टोबर १९८५ रोजी लंडनच्या टॉटनहॅम भागात फ्लॉइड जॅरेट या काळ्या तरुणाला पोलिसांनी मोटारीत अडवले. काचेवरील कराच्या बिल्ल्याविषयी शंका, एवढे कारण. शंका बिल्ल्याची, आणि आरोप ठेवला तो चोरीचा, जोडीला मारहाणीचा. त्याला ठाण्यात ठेवून पोलीस झडतीसाठी त्याच्या आईच्या घरी गेले. झडती चालू असताना आई, सिंथिया जॅरेट, वय ४९, कोसळली आणि हृदय बंद पडून मेली. पोलिसाने तिला ढकलले असे तिची मुलगी सांगत होती; चौकशीतल्या ज्यूरीने अपघाती मृत्यू ठरवला. दुसऱ्या दिवशी ब्रॉडवॉटर फार्म या वस्तीत दंगल झाली, तीत कीथ ब्लेकलॉक हा पोलीस शिपाई मारला गेला. त्याच्या खुनाबद्दल १९८७ साली तिघांना जन्मठेप झाली आणि १९९१ साली तिघांच्याही शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केल्या. फ्लॉइड दोन्ही आरोपांतून निर्दोष सुटला. एका बिल्ल्यावरून दोन माणसे मेली, तिघांची वर्षे तुरुंगात गेली, आणि गाडी चोरल्याचे कधी सिद्ध झालेच नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे, आणि त्या पक्षाचे १९६६चे पहिले काम होते ओकलंडच्या रस्त्यांवर पोलिसांच्या गाडीमागे गाडी लावून ते कोणाला अडवतात यावर पहारा ठेवणे. आपण नाव घेतले, जाहीरनामा घेतला. पहाऱ्याचे ते काम मात्र आपल्याकडे रुजले नाही. रुजायला हवे होते असे माझे मत आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला आणि आम्ही ‘विमुक्त’ झालो. सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. यात जमातीचे नाव नाही, व्यक्तीचे आहे. पण सराईत होण्यासाठी आधी शिक्षा व्हावी लागते, शिक्षेसाठी अटक, अटकेसाठी संशय, आणि संशयाची यादी जुनीच. फेब्रुवारी १९९८मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या खेडिया सबर जमातीच्या तरुणाला पोलिसांनी धरले आणि तो कोठडीत मेला. त्या प्रकरणातून महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांचे काम देशपातळीवर उभे केले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून काम वाटण्याचे नियम त्याने घटनाबाह्य ठरवले, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी न्यायालयाची आधीची मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असेही बजावले. १८७१पासून मोजले तर एकशे त्रेपन्न वर्षे झाली. निकालाची ही पाने प्रत्येक कार्यकर्त्याने छापून जवळ ठेवावीत; ठाण्यात ती दाखवता येतात.

आणखी एक काम तातडीचे आहे. ज्यांनी तारेच्या कुंपणात हजेरी दिली त्यांच्यापैकी हयात असलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. सोलापूरप्रमाणेच हुबळी, विजापूर येथेही अशा वसाहती होत्या. पास कसा दिसे, हजेरी कोण घेई, उशीर झाला तर काय होई, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचे आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी सोलापुरात सुरुवात केली आहे. आजवर अकरा जणांशी बोलणे झाले, त्यांपैकी दोघे याच उन्हाळ्यात गेले. ज्यांच्या घरी, वस्तीत अशी माणसे असतील त्यांनी त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत, न सुधारता, उतरवून घ्यावे. पासाचा एखादा तुकडा कोणाच्या ट्रंकेत असेल तर तो टाकू नये.