मानवाकृती रेखाटनातील छायाप्रकाश

मानवाकृती रेखाटनातील छायाप्रकाश म्हणजे पेन्सिलीच्या फिकट व गडद छटांच्या साहाय्याने मानवी देहाची घनता, त्याच्या पृष्ठभागांचा कल आणि त्यांवर पडणारा प्रकाश दाखविण्याची पद्धती होय. बाह्यरेषेने आकृतीचा आकार कळतो. तिची गोलाई व वजन छायाप्रकाशामुळे प्रतीत होते. प्रमाणबद्धता साधूनही अनेक विद्यार्थ्यांची चित्रे सपाट दिसतात. त्याचे कारण बहुधा पेन्सिल कमी फिरविली हे नसून, प्रकाशित भाग आणि छायेतील भाग यांची विभागणी स्पष्ट झालेली नसते, हे असते.

पूर्वपीठिका

छटांच्या साहाय्याने उठाव दाखविण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात तिला ‘वर्तना’ म्हटले असून पत्रज, आहैरिक व बिंदुज असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांचा अर्थ अनुक्रमे पानावरील शिरांसारख्या रेषांची, अतिशय सूक्ष्म रेषांची आणि ठिपक्यांची वर्तना असा सामान्यतः लावला जातो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही अवयवांचा उठाव छटांनी दाखविलेला आढळतो. मात्र तेथील छटा एकाच दिशेने येणाऱ्या प्रकाशावर आधारलेली नसते. एका निश्चित उगमापासून येणाऱ्या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास युरोपीय प्रबोधनकाळात झाला. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणवह्यांत छायेच्या प्रकारांची तपशीलवार चर्चा आहे.

ग्रॅफाइटचा मोठा साठा सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सापडला. १७९५ मध्ये निकोला-झाक काँते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची पूड व चिकणमाती यांचे मिश्रण भाजून शिसे बनविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. मातीचे प्रमाण बदलून कठीण व मऊ पेन्सिली करता येऊ लागल्याने छटांची मोठी श्रेणी चित्रकाराला उपलब्ध झाली. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे युरोपीय पद्धतीचे रेखाटनाचे शिक्षण महाराष्ट्रात रुजले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये वस्तुचित्र हा विषय असून, अनेक विद्यार्थ्यांची छायाप्रकाशाशी पहिली ओळख त्यातूनच होते.

प्रकाशाचे वर्तन

चकाकी नसलेल्या पृष्ठभागाची उजळता प्रकाशकिरण त्यावर कोणत्या कोनात पडतात यावर अवलंबून असते. किरण लंबरूप पडले तर पृष्ठभाग सर्वाधिक उजळतो. लंबापासून ६० अंश कलते पडले तर उजळता निम्मी होते. म्हणून छटा बदलते तेथे पृष्ठभागाची दिशा बदलली आहे, असे सामान्यतः समजावे. दुसरे कारण अंतराचे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दिवा डोक्यापासून एक मीटर आणि पावलांपासून दोन मीटर असेल, तर दोन्हीकडे कोन सारखा असूनही पावले पुष्कळच मंद दिसतात. सूर्यप्रकाशात असा फरक जाणवत नाही.

छायाप्रकाशाचे भाग

गोलाकार वस्तूवर एका बाजूने प्रकाश पडला असता पुढील भाग ओळखता येतात :

उजळबिंदू : प्रकाशाचे थेट परावर्तन डोळ्याकडे येते ती जागा. नाकाचे टोक, ओलसर ओठ व बुबुळ येथे तो ठळक असतो.
मध्यछटा : प्रकाशित बाजूवरच, पण प्रकाशापासून कलत गेलेला भाग.
छायासीमा : प्रकाश पोहोचणे जेथे थांबते ती कड. तिच्यालगतचा छायेतील पट्टा देहावरील छायेत सामान्यतः सर्वांत गडद दिसतो.
परावर्तित प्रकाश : जमीन, भिंत किंवा वस्त्रावरून उसळून छायेत शिरणारा मंद उजेड.
पडछाया : एका अवयवाने दुसऱ्यावर किंवा जमिनीवर टाकलेली छाया. अवयवाजवळ तिची कड रेखीव असते, दूर जाताना ती विरघळत जाते.
सांध्यातील अंधार : काख, बोटांच्या फटी आणि पावलाखालची टेकलेली जागा. येथे परावर्तित प्रकाशही फारसा पोहोचत नाही.

मानवी देहावरील उपयोजन

देहाचे प्रथम साध्या घनाकारांत पृथक्करण करतात : मस्तक अंडाकृती, धड चेपलेल्या पेटीसारखे, हातपाय निमुळते दंडगोल. प्रत्येक घनाकाराची प्रकाशाकडील व छायेकडील बाजू ठरली की स्नायूंचे बारकावे त्या चौकटीत बसवता येतात. प्रकाश वरून येत असेल तर डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा तळ, वरचा ओठ आणि हनुवटीखालचा भाग छायेत जातो. खालच्या ओठावर मात्र उजेड पडतो. गुडघा, कोपर, गळपट्टीचे हाड अशा अस्थिप्रधान जागी छटा झपाट्याने बदलते. गाल, पोट, मांडी अशा मांसल जागी ती सावकाश बदलते. कडा कोठे तीक्ष्ण आणि कोठे मऊ ठेवायच्या, हे या भेदावरून ठरते.

वस्तूचा मूळ रंग आणि तिच्यावरील छाया यांत गल्लत होऊ नये. उजेडातील काळे केस हे छायेतील पांढऱ्या सदऱ्यापेक्षा गडद असू शकतात. डोळ्याचा पांढरा भागही गोल असून पापणीच्या छायेत असतो. तो कोरा ठेवल्यास डोळे बटबटीत दिसतात.

साधने व पद्धती

आखणीसाठी एचबी, मध्यछटांसाठी २बी आणि गडद भागांसाठी ४बी किंवा ६बी पेन्सिल सामान्यतः पुरेशी ठरते. कागद किंचित खरबरीत असावा. मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने छटा टिपून हलकी करता येते. कागदाच्या पांढरेपणापेक्षा अधिक उजळ आणि ग्रॅफाइटपेक्षा अधिक गडद काही दाखविता येत नाही. शिवाय दाट ग्रॅफाइट चकाकते. प्रत्यक्षातील उजेडाची विस्तृत श्रेणी या मर्यादेत बसवावी लागत असल्याने छटांचे परस्परांशी नाते अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रचलित क्रम असा : डोळे किलकिले करून आकृतीकडे पाहावे, म्हणजे बारकावे नाहीसे होऊन दोनच राशी दिसतात. छायासीमा फिकट रेषेने आखून छायेचा संपूर्ण भाग एकाच सपाट छटेने भरावा. ही विभागणी दुरून पटली की मगच मध्यछटा आणि शेवटी अतिगडद जागा व उजळबिंदू घ्यावेत. रेघा अवयवाच्या गोलाईला अनुसरून ओढल्यास त्यांतूनही आकार व्यक्त होतो.

सामान्य दोष व उपाय

परावर्तित प्रकाश अवाजवी उजळ करणे हा सर्वांत आढळणारा दोष आहे. भोवतालच्या अंधारामुळे तो डोळ्याला प्रखर भासतो. परंतु मूळ रंग सारखा असता तो प्रकाशित बाजूवरील मध्यछटेहून गडदच ठेवावा, अन्यथा छायेची राशी फुटते. प्रत्येक कडेवर सारखीच काळी बाह्यरेषा ओढल्याने आकृती कापून चिकटविल्यासारखी दिसते. प्रकाशाकडील कड फिकट ठेवून मागील पार्श्वभूमी किंचित गडद केल्यास रेषेची गरज उरत नाही. बोटाने छटा घोटल्यास त्वचेतील तेल कागदावर उतरून डाग पडतात आणि पृष्ठभागांचे कोन पुसले जातात. गडद छटांची भीती हाही एक दोष होय. त्यावर पाच टप्प्यांची छटापट्टी करून ती चित्राशेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

सरावासाठी एका खिडकीच्या उजेडात ठेवलेले पांढरे अंडे, त्यानंतर प्लास्टरचे मुखवटे आणि मग प्रत्यक्ष व्यक्ती असा क्रम हितावह असतो. पांढऱ्या वस्तूत रंगाचा अडथळा नसल्याने छाया स्वतंत्रपणे पाहता येते.