‘परवानगी नाकारली’

माझा एक भाचा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यवसायात आहे. मध्यंतरी सुटीत तो घरी आला असता त्याच्या काळ्या पडद्यावर उमटलेले एक लहानसे वाक्य माझ्या दृष्टीस पडले : ‘पर्मिशन डिनाइड’. परवानगी नाकारली! भाच्याने क्षणाचाही विलंब न लावता तीच आज्ञा पुन्हा टंकली. मात्र या खेपेस तिच्या आरंभी ‘सूडो’ एवढा एक शब्द जोडला, परवलीचा शब्द दिला, आणि यंत्र निमूटपणे कामाला लागले. मी विचारले, “अरे, यंत्र तुझे, पैसे तू मोजलेले. मग तुला नाही म्हणणारा हा कोण?” तो हसून म्हणाला, “मामा, ते नेहमीचेच आहे. कारण कोण पाहात बसतो?”

कारण पाहावयाचे तर साठ वर्षांहून अधिक मागे जावे लागते. आणि ते कोणी पाहात नाही म्हणूनच या व्यवसायातील हुशार माणसांचे दिवसचे दिवस वाया जातात, असे मला वाटते.

इ. स. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग करून दाखविला. तोपर्यंत संगणक एका वेळी एकाचेच काम करी. आपला छिद्रपत्रांचा गठ्ठा द्यावयाचा आणि पाळीची वाट पाहावयाची. कॉर्बातो यांच्या ‘सीटीएसएस’ या व्यवस्थेत एकच यंत्र अनेकांच्या आज्ञा आळीपाळीने, पण इतक्या त्वरेने पाळू लागले की, प्रत्येकास ते आपल्या एकट्याचेच वाटावे. सोय मोठी झाली; पण एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे आली की कड्याकुलुपेही येतात. कोणाचा मजकूर कोणता, तो कोणी वाचावा, कोणी बदलावा, हे प्रश्न तेथे जन्मास आले, आणि प्रत्येकाला स्वतंत्र परवलीचा शब्द मिळाला.

कुलूप केवळ चोरासाठी असते असे आपण समजतो. पण १९६६ साली याच यंत्रावर जे घडले त्यात चोर कोणीच नव्हता. एक व्यवस्थापक रोजच्या सूचनेचा मजकूर दुरुस्त करीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फायलींना यंत्राने एकच नाव दिले आणि मजकुरांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो यंत्रापुढे बसला, त्याला सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले! १९९० चा ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात कॉर्बातो यांनी ही फजिती स्वतःच सांगितली आहे.

पुढे एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ‘मल्टिक्स’ नावाची फार महत्त्वाकांक्षी व्यवस्था हाती घेतली. तीत अधिकारांची रचना अतिशय बारकाईची होती. काम लांबत गेले, आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग एका लहानशा यंत्रावर आपली साधी व्यवस्था उभारली. तीच युनिक्स. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच फायलीचा मालक कोण आणि मालकाखेरीज इतरांना काय करता यावे, हे सांगणारी चिन्हे आहेत. १९७४ साली या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात वाचणे, लिहिणे आणि चालविणे असे तीन अधिकार मालकाला व इतरांना मिळून सहा होतात. १९७८ च्या सुधारित लेखात ते नऊ झाले. कारण मालक आणि इतर यांच्या मध्ये ‘गट’ ही तिसरी पायरी आली. आजही भाच्याच्या यंत्रात हेच नऊ अधिकार आहेत. वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास १ असे अंक धरून त्यांची बेरीज मांडतात. ६४४ याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, गटाने आणि इतरांनी नुसते वाचावे.

रचना इतकी सोपी, की ती आपल्याला कळली असे प्रत्येकास वाटते. येथेच पाय घसरतो. यंत्र प्रथम पाहते ते एवढेच की, आज्ञा देणारा मालक आहे काय? असेल तर मालकाचेच अधिकार लागू. ते नसले आणि इतर सर्वांना मुभा असली, तरी मालकाला नकारच मिळतो! फोल्डरच्या बाबतीत तर या शब्दांचे अर्थच पालटतात. फोल्डर ‘वाचणे’ म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, आणि ‘चालविणे’ म्हणजे त्यातून पलीकडे जाणे. वाटेतल्या एखाद्या फोल्डरातून जाण्याची मुभा नसेल, तर शेवटची फाईल सर्वांना खुली असूनही हाती लागत नाही. आणि फाईल पुसून टाकण्याचा अधिकार फायलीवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्यावर ठरतो. जी फाईल मला उघडून वाचताही येत नाही, ती मी खुशाल पुसू शकतो, असा प्रसंग येतो. वाड्याच्या देवडीवरील पाटीवरून एखाद्याचे नाव खोडण्यास त्याच्या खोलीची किल्ली लागत नाही, तसेच हे.

या सर्व नियमांतून एकच जण मुक्त आहे. प्रत्येक वापरणाऱ्यास यंत्र एक क्रमांक देते. ज्याचा क्रमांक शून्य, तो ‘रूट’, त्याला हे नऊ अधिकार अडवीत नाहीत. पण साध्या माणसालाही क्वचित या थोरल्या अधिकाराची गरज पडते. उदाहरणार्थ, आपला परवलीचा शब्द बदलावयाचा तर सर्वांच्या शब्दांची फाईल लिहावी लागणार. रिची यांनी तोड काढली : अधिकार माणसाला न देता, तेवढेच एक काम करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यावा. या कल्पनेच्या पेटंटसाठी जुलै १९७३ मध्ये अर्ज झाला आणि जानेवारी १९७९ मध्ये ते मिळाले. पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले.

भाच्याचा ‘सूडो’ याच वंशातला. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. रूटचा परवलीचा शब्द न वाटता, नेमक्या माणसाला नेमके काम करू द्यावे, यासाठी हे साधन ठरले. एका लहान किल्लीसाठी केलेली ही सोय आज आपल्या मेजावरील यंत्रांवर सरसकट थोरली किल्ली म्हणून फिरते, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

विनोदाचा भाग सोडला तर त्याची किंमत मोठी असते. २०१० साली आलेले ‘एनपीएम’ हे साधन घ्या. प्रोग्रॅम लिहिणारे लोक इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम याच्या साहाय्याने आपल्या यंत्रावर उतरवून घेतात. सर्व यंत्रासाठी म्हणून एखादा प्रोग्रॅम बसवू गेले, की ते पुष्कळदा रूटच्या मालकीच्या फोल्डरात लिहू पाहते आणि नकार मिळतो. माणूस सूडो जोडतो, काम होते. पण त्या ओघात त्याच्या स्वतःच्या घरच्या फोल्डरातही रूटच्या मालकीच्या फायली तयार होऊ शकतात, आणि दुसऱ्या दिवशी साधी आज्ञा स्वतःच्याच घरात अडते. मग पुन्हा सूडो, पुन्हा परक्या मालकीच्या फायली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर एनपीएमच्या ५.७.० या आवृत्तीतील एका चुकीमुळे, सूडो लावून ते चालविले असता यंत्राच्या मूलभूत फोल्डरांची मालकीच बदलली जाऊ लागली आणि यंत्रे निकामी झाली. लागलीच ५.७.१ ही दुरुस्त आवृत्ती काढावी लागली.

दुसरी पळवाट म्हणजे ७७७. सर्वांना सर्व अधिकार! तीही नेहमी चालतेच असे नाही. दूरच्या यंत्राशी बोलणारा ‘एसएसएच’ हा प्रोग्रॅम आपली खाजगी किल्ली इतरांना वाचता येते असे दिसताच ती वापरण्याचेच नाकारतो. तेथे परवानगी जास्त झाली म्हणून अडते.

नकारही दोन प्रकारचे आहेत, हे किती जणांच्या लक्षात येते कोण जाणे. युनिक्सच्या अंतरंगात ‘परवानगी नाकारली’ याचा क्रमांक १३ आहे. तेथे बहुधा त्या नऊ अधिकारांपैकी कोणता तरी आड आलेला असतो. नुकत्या उतरविलेल्या प्रोग्रॅमला ‘चालविण्या’चा अधिकार दिलेला नसणे हा त्याचा सर्वांत साधा प्रकार. क्रमांक १ चे वाक्य निराळे आहे : ‘ही कृती करू दिली जात नाही’. दुसऱ्याच्या फायलीची मालकी बदलू पाहा, ते दिसेल. तेथे ७७७ करून काही साधत नाही.

त्या संध्याकाळी मी भाच्याला पुन्हा यंत्रापुढे बसविले आणि सूडोवाचून एकेक गोष्ट विचारावयास लावली. आपण कोण म्हणून आज्ञा देत आहोत? फाईल कोणाची? वाटेतले फोल्डर कोणाचे? यादी पडद्यावर आली, तेव्हा त्याच्याच घरच्या फोल्डरात, त्याच्याच नावाखाली, कित्येक फायलींच्या पुढे मालक म्हणून ‘रूट’ लिहिलेले होते. तो यादी खालीवर सरकवीत राहिला. मग तेवढ्याच फोल्डराची मालकी त्याने परत आपल्या नावे केली. त्या एका आज्ञेला सूडो लागला, आणि तो तेथे रास्तच होता. नवे प्रोग्रॅम यापुढे आपल्याच घरात उतरावेत अशी व्यवस्था केली, आणि सकाळची आज्ञा जशीच्या तशी टंकली. ती बिनतक्रार चालली. “मामा,” तो म्हणाला, “ह्यातल्या कितीतरी फायली दोन वर्षांपूर्वीच्या आहेत.”